फणसाच्या खड्ड्यात भरपूर शेणखत भरलं, तरी काही रोपं बसून का राहतात? मुळं खत शोधत जातात का?

मुळं लांबून खताच्या वासानं येत नाहीत. वाढता वाढता टोक खतात शिरलं की तिथे उपमुळांचा झुबका फुटतो आणि रोप इतर बाजूंची वाढ आवरतं घेतं. १९७५ साली वनस्पतिशास्त्रज्ञ माल्कम ड्रू यांनी बार्लीच्या मुळाच्या फक्त मधल्या भागाला जास्त अन्नद्रव्यं देऊन पाहिली: नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरदाला (फॉस्फरस) झुबका आला, पालाशला (पोटॅशियम) नाही. झाडांच्या रोपांतही हाच कल दिसतो, जातीगणिक कमीजास्त.

म्हणूनच 'खड्डा शेणखतानं गच्च भरा' हा सल्ला मला मुळीच पटत नाही, देणारा कितीही जुना बागायतदार असो. जांभ्यात, म्हणजे कोकणातल्या लाल दगडात, तीन फुटी खड्डा, आत भुसभुशीत खत, बाहेर कडक भिंत. मुळं बाहेर पडतील कशाला? ती आतच घोटाळतात. पावसात खड्ड्याचा हौद होतो. खत कुजून खाली बसतं, त्याबरोबर रोपही खचतं आणि बुंध्याशी पाणी साचून साल कुजते. जे तगतं ते दोन वर्षं दिमाखात वाढतं आणि पाणी तोडलेल्या पहिल्याच उन्हाळ्यात मान टाकतं. खत कच्चं असेल तर मुळं खाणारी हुमणी अळी वेगळीच. पालापाचोळा कच्चाच गाडला असेल तर तो कुजवणारे जीवाणू नत्र ओढून घेतात. रोप पिवळं पडतं.

खड्डा चौकोनी घ्या, भिंतींना पहारीनं खाचा पाडा. वरची वीतभर माती वेगळी ठेवून तीन घमेली मातीला एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत घ्या. एक किलो सिंगल सुपर फॉस्फेट आधी शेणखतात कालवा, मग मातीत. जांभ्यातलं लोह स्फुरद धरून ठेवतं, वरून फेकलेलं मुळाशी पोचत नाही. ढीग दोनदा वरखाली करा, थर राहू देऊ नका. युरिया खड्ड्यात नकोच. नवी पालवी पक्व झाल्यावर २५ ग्रॅम, बुंध्यापासून वीतभर लांब, ओल्या मातीत, पूर्ण गोलाकार. उतारावर वरच्याच बाजूला खत दिलं की मुळं एकांगी होतात आणि झाड वाऱ्याला कलतं.

उघड्या कातळावर मात्र आणलेल्या मातीनं खड्डा भरण्यावाचून इलाज नाही; तिथे उताराच्या बाजूला पाणी निघायला चर ठेवा.

तुमची लागलेली रोपं उकरू नका. पाऊस ओसरताच खड्ड्याच्या कडेवर, अर्धा आत अर्धा बाहेर, वीतभर खोल चर काढून पुढचं शेणखत तिथेच द्या.