सकाळी सातला सगळ्यांनी तयार राहायचं म्हणे!

पत्र: ताई, आम्ही आठ जण पुन्हा सहलीला निघतोय. सासरे 76 वर्षांचे, सासूबाईंचे गुडघे दुखतात, माझा मुलगा 16 चा, नणंदेची मुलगी 2 वर्षांची. मागच्या खेपेला रोज सकाळी सातला निघायचं ठरलं होतं. सासरे सहालाच बूट घालून बसायचे, मुलगा नऊपर्यंत उठायचा नाही आणि बोलणी मी खायची. परतल्यावर आजोबा-नातू आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हते. नवरा म्हणतो, "तू ठरवशील तसं." यंदा काहीतरी कारण काढून घरीच थांबावं असं वाटतं. चुकतंय का माझं?
– बॅगा भरणारी

उत्तर: अगं, चुकत काही नाही, तू दमली आहेस. थांबायचंच असेल तर सरळ सांगून थांब. काढलेलं कारण घरात चार दिवसही टिकत नाही. पण तुझं पत्र वाचून मला वाटतं, तुला सहल नकोय असं नाही. तुला सातचा ठोका नकोय.

तुला हे भांडण आजोबा-नातवाचं दिसतंय, मला ते घड्याळांचं दिसतं. वयात येताना शरीरातलं घड्याळ पुढे सरकतं. झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन रात्री उशिरा वाढायला लागतं, आणि झोप मात्र 8 ते 10 तास लागतेच. उतारवयात उलटं होतं: डोळे लवकर मिटतात आणि पहाटेच उघडतात. छोटीला दिवसभरात मिळून 11 ते 14 तास झोप हवी, त्यात दुपारची आली. म्हणजे सासरे तुम्हाला शिस्त लावायला बूट घालून बसत नव्हते आणि मुलगाही आळशी नाही. (थोडा असेल. सोळाव्या वर्षी कोण नसतं!)

आता कागद घे आणि या तिघांना उत्साह असतो ते तास शेजारी शेजारी लिही. माझ्या अंदाजाने तिघांचे जुळणारे तास निघतील ते दुपारी चार ते संध्याकाळी साडेसात. तेवढे सगळ्यांचे. त्या वेळात काय करायचं ते आधी ठरव, तेही एकच. बाकीचा दिवस ज्याचा त्याला. पहाटे सासऱ्यांबरोबर फिरायला तुझा नवरा जाईल. "तू ठरवशील तसं" म्हणणाऱ्याला ठरवून हेच काम दे. मुलगा उठेल तेव्हा उठेल, त्याचा नाश्ता झाकून ठेवला की झालं. आणि आठातले तिघंच कुठे गेले तर सहल फुटली असं कुणी म्हणू लागलं, तर ऐकून सोडून दे.

मुक्कामाची जागा मात्र फोटो बघून घेऊ नकोस. मी एकदा घेतली होती. गॅलरीतून सुरेख देखावा, आणि खोलीपर्यंत चाळीसेक पायऱ्या. माझे वडील पहिल्या दिवशी कसेबसे चढले आणि पुढचे दोन दिवस खाली उतरलेच नाहीत. "मी इथेच बरा," म्हणत राहिले. देखावा एकट्या त्यांनीच पाहिला म्हण! तेव्हा फोन करून विचार: पायऱ्या किती, कठडा आहे का, तळमजल्यावर खोली आहे का, संडास कमोडचा आहे का, रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा असतो का. मोघम उत्तर आलं तर दुसरी जागा बघ.

उंच डोंगरांत जायचं कुणाच्या मनात असेल तर जरा थांबा. साधारण 2,500 मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास कुणालाही होऊ शकतो, धडधाकट तरुणालासुद्धा. सासऱ्यांना हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. प्रवास चार तासांहून मोठा असेल तर मधे उतरून पाय मोकळे करा. फार वेळ एका जागी बसलं की पायांतल्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. औषधं चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत ठेवा.

पैशांचं तू लिहिलं नाहीस, पण दोन संसार निघालेत म्हणजे तो विषय असणारच. जागा ठरवण्याआधी नणंदेशी एकटीशीच बोल: "तुम्हाला कितीपर्यंत जमेल?" सगळ्यांसमोर विचारलंस तर ती "चालेल" म्हणेल आणि सहलभर मनातल्या मनात हिशोब करत बसेल.

राहता राहिल्या बॅगा. सासू-सासऱ्यांच्या बॅगेला तुझा नवरा हात लावेल, छोटीची तिचे बाबा भरतील, मुलगा त्याची भरेल आणि चार्जर विसरेल. विसरू दे. तू फक्त तुझी भर.