गाळा नक्की कुणाला हवाय काका?

काका नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. काका नवी मुंबईत कोपरखैरण्यात राहतात, आयुष्यभर तुर्भ्याच्या मार्केटात माथाडीचं काम केलं, आता साठी झाली आणि माथाडी बोर्डाकडून फंडाचे पैसे हातात आलेत. मुलगा 26 वर्षांचा, आयटीआयचा दोन वर्षांचा एसी-रेफ्रिजरेशनचा ट्रेड केलेला, चार वर्षं एका कॉन्ट्रॅक्टरकडे काम करतोय आणि आता त्याला स्वतःचं चालू करायचंय, घरी जाऊन एसी सर्व्हिसिंग आणि फिटिंग, साठवलेल्या 45 हजारात. काकांचं म्हणणं, करायचं तर नीट कर, सेक्टरमध्ये रोडटच गाळा घेऊ, दीड लाख डिपॉझिट, 28 हजार भाडं, मोठा बोर्ड, काचेचं काउंटर, पाडव्याला उद्घाटन. मुलगा नको म्हणतो म्हणून घरात पंधरा दिवस बोलणं बंद. आणि मला विचारलंय की लोन कुठलं काढू आणि याला समजावू कसं.

लोन कुठलंच काढू नका. आणि त्याला समजवायची गरज मला तरी दिसत नाही, कारण हिशोब त्याचा बरोबर आहे.

मला खटकलं ते वेगळंच. अडीच पानांच्या पत्रात गाळ्याचं सगळं आहे, कुठला सेक्टर, शेजारी कुठलं दुकान, बोर्डावर नाव काय, उद्घाटनाला गावाकडून कोण येणार. पण मुलगा नको का म्हणतोय याची एक ओळ नाही हो. त्याने कारण सांगितलंच असणार, चार वर्षं त्या धंद्यात काढलेला पोरगा आहे तो. तुम्ही लिहिलंय फक्त "ऐकत नाही". आणि खाली एक वाक्य आहे ज्यात सगळं आलं: "खांद्याला बॅग अडकवून दारोदार फिरणार, गावाकडं लोकांना काय सांगू."

काका, रागावू नका पण स्पष्ट बोलते. तीस-बत्तीस वर्षं तुम्ही पाठीवर गोणी घेतली आणि त्यावर घर उभं केलं, तेव्हा गावात सांगायची लाज वाटली नाही ना? वाटायचं कारणही नव्हतं. मला कळतं की पोराच्या खांद्यावर ओझं दिसायला नको असं तुम्हाला वाटतं, त्याने खुर्चीत बसावं, गल्ल्यावर बसावं. यात माया आहे, मी नाही म्हणत नाही. पण त्या बॅगेत व्हॅक्यूम पंप आहे, गेज आहे, क्लॅम्प मीटर आहे, ती बॅग म्हणजेच त्याचं दुकान. एसी गिऱ्हाइकाच्या भिंतीवर असतो, तो कुणी काढून गाळ्यात दुरुस्तीला आणत नाही. गाळ्यात बसला तर तो फोनची वाट बघणार आणि फोन आला की शटर खाली ओढून जाणार, नाहीतर काउंटरवर बसायला माणूस ठेवणार, म्हणजे अजून एक पगार.

आता तुमच्या 28 हजारांचं बघू. साध्या धुण्याच्या सर्व्हिसला एका एसीमागे 600 रुपये सुटतात धरा, आणि त्यात पेट्रोल, हेल्पर काही धरू नका. तरी नुसतं भाडं निघायला महिन्याला 47 एसी धुवायला लागतील. एप्रिल-मे मध्ये होतील, झोपायला वेळ मिळणार नाही इतकं काम असतं. जुलै-ऑगस्टला कोण एसी धुवून घेतंय? गाळामालक पावसाळ्यात भाडं कमी करत नाही. आणि पाडवा येतो मार्चच्या आसपास, म्हणजे ऐन सीझन सुरू होताना पोरगा सुताराच्या आणि बोर्डवाल्याच्या मागे धावणार, ज्या दिवसांत त्याने वर्षाची गिऱ्हाइकं जोडायची ते दिवस फर्निचरमध्ये घालवणार. मुलाने तुम्हाला बहुतेक हेच सांगितलं असेल, एकदा विचारून तर बघा.

फंडाच्या पैशाबद्दलही बोलायलाच हवं. तो तुमचा आणि काकूंचा म्हातारपणाचा पैसा आहे. तुम्हाला पेन्शन नाही, तुम्हीच लिहिलंय. वय साठ पूर्ण झालंय तर पोस्टात सिनियर सिटिझन सेव्हिंग स्कीम आहे, दर तीन महिन्यांनी व्याज मिळतं, त्यात घाला, दर महिन्याला लागत असेल तर थोडे मंथली इन्कममध्ये घाला. मुलासाठी मन होतच असेल तर वीस-पंचवीस हजार द्या, हातउसने म्हणून द्या आणि कधी परत करायचे ते दोघांनी बसून ठरवा. यापेक्षा जास्त तो मागत पण नाहीये! पैसे न मागणाऱ्या मुलावर बळजबरी पैसे घालणारे वडील मला सारखे भेटतात, आणि नंतर धंदा थोडा हलला की तेच वडील म्हणतात, माझा फंड बुडवला.

बरं, महामंडळाचं. तुम्ही लिहिलंय, "अण्णासाहेब पाटील महामंडळ आपल्याच माणसांचं, ते पंधरा लाख देतात, घेऊन टाकू." काका, तसं नाहीये ते (माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील यांच्या नावाचं हे सरकारी महामंडळ, मुख्यतः मराठा तरुणांच्या धंद्याला मदत करणारं), आणि हा गैरसमज तुमच्याकडे वस्तीत घरोघरी आहे म्हणून सविस्तर सांगते. वैयक्तिक कर्जाच्या योजनेत महामंडळ तुम्हाला कर्ज देतच नाही, कर्ज बँक देते. आधी ऑनलाइन अर्ज करून महामंडळाचं पात्रता प्रमाणपत्र घ्यायचं, ते घेऊन बँकेत जायचं, मग बँक तिच्या नियमाने बघणार, सिबिल म्हणजे आधीची कर्जं कशी फेडली त्याचा स्कोअर बघणार, धंदा बघणार, आणि नको वाटलं तर नाही म्हणणार. प्रमाणपत्र आहे म्हणून बँकेने कर्ज द्यायलाच पाहिजे असं काही नसतं. कर्ज मिळालं तर हप्ता आधी तुम्ही खिशातून भरायचा, वेळेवर भरायचा, आणि मग त्यातलं व्याज, तेही ठरलेल्या मर्यादेत, महामंडळ तुमच्या खात्यात परत करतं. मुद्दल तुमचंच. हप्ता थकला की व्याज परताव्यावर पाणी. मुद्राचंही लोकांना असंच वाटतं, सरकार देतंय, बुडालं तर माफ होईल. मुद्रा हे बँकेचंच कर्ज, तारण लागत नाही इतकंच, आणि त्याचा सगळ्यात छोटा गट, शिशु, 50 हजारांपर्यंत आहे. तुमच्या मुलाला उद्या दुसरा पंप, दुसरी शिडी, एक हेल्पर लागला तर तेवढं त्याला पुरेल. पण आधी एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊ दे, म्हणजे हप्ता कितीचा झेपतो ते त्याचं त्यालाच कळेल. महामंडळाची योजना चांगली आहे, मी नावं ठेवत नाही, पण ती धंदा वाढवताना घ्या, शोभेच्या काउंटरसाठी नको.

पोलीस भरतीचं विचारलंत, तर ओपनमधून 28 पर्यंत देता येते, पण ज्याला ग्राउंडच मारायचं नाही त्याला पहाटे उठवून काही होत नाही.

आता पुढचं मुलाला वाचायला द्या, तुम्ही पण वाचलंत तर चालेल.

अरे, तुझी यादी वडिलांनी पत्राबरोबर जोडली होती (बहुतेक मला दाखवायला की किती कमी आहे), मला आवडली. पण 45 च्या 45 हजार तू हत्यारांतच संपवलेत, हे चुकतंय. कॅपॅसिटर, फॅन मोटर, गॅसचा कॅन, हे गिऱ्हाइकाच्या दारात आधी तुझ्या पैशाने येतं, आणि सोसायटीचं किंवा ऑफिसचं काम घेतलंस तर चेक कधी येईल सांगता येत नाही. 12-15 हजार हातात मोकळे ठेव. एसी धुवायचा जेट पंप घे, तो रोजचा पैसा आहे. व्हॅक्यूम पंप घे आणि वापर पण. घाईत पाइप जोडून थोडा गॅस सोडून हवा बाहेर काढली की झालं असं करणारे ढिगाने आहेत, नव्या एसीतल्या आर 32 वर तर ते करूच नकोस, तो पेट घेऊ शकणारा गॅस आहे. तांब्याचे पाइप जोडायचा ब्रेझिंगचा सेट मात्र आत्ता नको, कॉन्ट्रॅक्टरकडून नाहीतर ओळखीतल्या कुणाकडून भाड्याने आण.

तुझ्या भागात सगळ्यात जास्त भांडणं गॅसवरून होतात हे तुला माहितीच असेल. खाडी आणि नाल्याच्या बाजूच्या बिल्डिंगांत तांब्याच्या कॉइलला बारीक भोकं पडतात, माणूस येतो, गॅस भरतो, अडीच-तीन हजार घेतो आणि महिन्याभरात कूलिंग परत गायब, मग सोसायटीच्या ग्रुपवर त्याचं नाव येतं ते कायमचं. तू आधी लीकेज शोध, नायट्रोजनचं प्रेशर धर, साबणाचं पाणी लाव, आणि कॉइल गेली असेल तर गॅस भरायच्या आधीच तोंडावर सांग की भरून उपयोग नाही. त्या दिवशी तुझे तीन हजार जातील. पण ते घर तुला परत बोलावेल आणि शेजारच्यालाही तुझा नंबर देईल. घणसोली-ऐरोलीच्या टॉवरमध्ये एका विंगेत चार घरं अशी मिळाली तरी बाकीची येतात, वॉचमन लोकांना पण नंबर देऊन ठेव, कुणाच्या घरी नवीन भाडेकरू आला ते सगळ्यात आधी त्यांना कळतं.

आणि पावसाळ्याचं उत्तर त्या भाडेकरूंमध्येच आहे. आपल्याकडे 11 महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट, ऑफिसवाली पोरंपोरी सारखी घरं बदलतात आणि जाताना एसी घेऊन जातात. काढायचं आणि बसवायचं काम बारा महिने असतं. इस्टेट एजंटना जाऊन भेट. फ्रिज तुझ्या ट्रेडमध्येच आहे, वॉशिंग मशीन हळूहळू शिकून घे. अ‍ॅपवाल्या कंपन्यांचा रेट बघून स्वतःचा रेट पाडू नको, त्यांची ऑफर त्यांच्या पैशाने असते, तुझी तुझ्या पोटाला चिमटा काढून. आत्ताच्या कॉन्ट्रॅक्टरचे गिऱ्हाईक पण फोडू नकोस, भांडून निघू नकोस, एप्रिलमध्ये त्याला झेपणार नाही तेव्हा जास्तीची कामं तोच तुला देईल.

कागदपत्रांना घाबरू नको. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, सरकारी साइटवर आधार-पॅनवर फुकट होतं, सरकारीसारख्या दिसणाऱ्या साइट हजार-दोन हजार मागतात, त्यांना देऊ नको. सेवेच्या धंद्याला वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेतो जीएसटी नंबर लागत नाही, कुणी सीए घाई करत असेल तर थांब म्हण. एकट्याच्या कामाला गुमास्ताची, म्हणजे दुकान-धंद्याच्या नोंदणीचीही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. धंद्याचं खातं मात्र वेगळं काढ, क्यूआर त्यालाच जोड. वडिलांनी लिहिलंय की पगार घरात देतोस आणि लागेल तसे मागून घेतोस, ते या पैशाला चालणार नाही. घरात महिन्याला ठराविक रक्कम दे, उरलेल्याला कुणी हात लावायचा नाही, तू पण नाही.

एक गोष्ट तुझ्या यादीत अजिबातच नाही, सेफ्टी बेल्ट. चौदाव्या मजल्यावर खिडकीबाहेर एका पायावर उभं राहून आउटडोअर युनिट बसवतोस, चार वर्षं काही झालं नाही म्हणून पाचव्या वर्षी होणार नाही असं कुणी लिहून दिलंय का? हेल्परसाठीही एक बेल्ट घे. युनिट ज्यावर बसतं तो लोखंडी अँगल गंजलेला असेल तर काम नाही म्हणून खाली ये, गिऱ्हाईक चिडलं तर चिडू दे. प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचे वर्षाला फक्त 20 रुपये कापतात, अपघातात जीव गेला तर घरच्यांना दोन लाख मिळतात, आणि त्याचा फॉर्म बँकेत किंवा पोस्टात, जिथे खातं असेल तिथे भरता येतो. काकांना सिनियर सिटिझनच्या कामाला पोस्टात जायचंच आहे. दोघं एकाच स्कूटरवर जा, दोन्ही कामं एका दिवसात उरकतील, आणि येताना गाळ्याच्या एजंटला नको म्हणून सांगून या.