कंबर धरली की वाकावं, की पडून राहावं?

प्रश्न : वय ४१, बैठं काम. दोन महिन्यांपूर्वी भरलेली बादली उचलताना कंबरेत उसण भरली. मग उजव्या मांडीच्या मागून पोटरीपर्यंत कळ जायला लागली, करंगळीकडे मुंग्या येऊ लागल्या. एमआरआयमध्ये शेवटच्या मणक्याखालची गादी बाहेर येऊन नस दबल्याचं आलं. तेव्हापासून फळीवर झोपते, दिवसभर पट्टा बांधते, वाकणं बंद केलंय. कळ आता मांडीतच थांबते, पण कंबर जास्त आखडली आहे. ऑपरेशनशिवाय सुटका नाही का?

उत्तर : कळ आता मांडीतच थांबते, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. फिजिओथेरपिस्ट म्हणून मी तुमच्या पत्रात आधी तेच वाक्य अधोरेखित केलं. नसेवरचा त्रास ओसरू लागला की दुखणं बहुतेक वेळा असंच वर सरकतं. आधी पोटरी सुटते, मग मांडी, आणि कंबर तेवढी काही दिवस दुखत राहते. त्यामुळे कंबरेचं दुखणं वाढल्यासारखं वाटलं तरी तुमची गाडी योग्य दिशेला चालली आहे.

बाहेर आलेला गादीचा भाग बऱ्याचदा शरीरच हळूहळू शोषून घेतं. नसेभोवतीची सूज उतरते आणि कळ कमी होते. बहुतेकांना यासाठी काही आठवडे ते तीनेक महिने लागतात.

अहवालातल्या शब्दांनी माणसं किती घाबरतात हे मी रोज पाहते, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे एमआरआय तपासलेल्या अभ्यासांचा २०१५ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात चाळिशीतल्या निम्म्या लोकांच्या गाद्या फुगलेल्या आढळल्या. तुमच्या बाबतीत कळ आणि मुंग्यांची जागा अहवालाशी जुळते, म्हणून नस दुखावली आहे हे मी मान्य करते. पण नस दुखावली म्हणजे कंबर कायमची कमकुवत झाली, असं मुळीच नाही.

फळी आजच काढा. जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवर स्पेनमध्ये झालेल्या एका चाचणीत अगदी कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीने जास्त आराम पडला होता. पडून राहण्याचंही तसंच. नेदरलँड्समधल्या सायटिकाच्या (नस दबून कंबरेतून पायात कळ जाण्याच्या) रुग्णांवरील १९९९ च्या अभ्यासात दोन आठवडे अंथरुणात घालवलेल्यांना इतरांपेक्षा जास्त फायदा झाला नाही. कळ असह्य असेल तेव्हा एखाद-दोन दिवस पडलात तर हरकत नाही. त्यापुढे पाठीचे स्नायू सुस्तावतात आणि हालचालीची धास्ती बसते. तुमची कंबर आखडण्यामागे मला मणक्याच्या गादीपेक्षा हेच जास्त दिसतं.

सपाट रस्त्यावर दहा मिनिटं, दिवसातून तीनदा चाला. मांडीतली कळ परत पोटरीत उतरत नसेल तर दर दोन-तीन दिवसांनी वेळ थोडा वाढवा. पट्टा आधी घरात सोडा, मग बाहेर. वाकण्याचा सराव खुर्चीपासून करा : कुल्ले मागे नेत हात खुर्चीच्या बैठकीला लावायचे आणि उठायचं. जमलं की त्याहून खाली. कामावर अर्ध्या तासाने उठून उभं राहा. सूज उतरवणारी वेदनाशामकं डॉक्टरांना विचारून थोडे दिवसच घ्यावीत, ती पोट आणि मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतात.

ऑपरेशनने पायातली कळ लवकर थांबते, हे खरं. पण तुमच्यासारखाच दीड ते तीन महिने त्रास असलेल्या रुग्णांच्या एका अभ्यासात वर्षअखेर ऑपरेशन केलेले आणि थांबलेले जवळपास सारखेच बरे होते. सुधारणा होत असताना थांबायला पूर्ण वाव आहे. मात्र उजव्या पायाच्या चवड्यावर उभं राहता येईनासं झालं, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. आणि लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बैठकीची जागा बधिर झाली, दोन्ही पायांतली ताकद गेली, तर त्याच तासाला रुग्णालय गाठा. तिथे उशीर परवडत नाही.

प्रश्न : मुलगा २४ वर्षांचा. सहा महिने पहाटे कंबरदुखीने जाग येते, उठल्यावर तासभर कंबर आखडलेली असते. हिंडल्या-फिरल्यावर बरं वाटतं. एक्स-रे स्वच्छ आहे. विश्रांती घ्यावी का?

उत्तर : विश्रांतीने वाढणारं आणि हालचालीने कमी होणारं तरुण वयातलं दुखणं हा संधिवाताचा एक प्रकार असू शकतो. यात एक्स-रेमध्ये बदल दिसायला वर्षं लागतात, म्हणून स्वच्छ एक्स-रेवर विसंबू नका. संधिवाततज्ज्ञांना दाखवा. ते बहुधा एचएलए-बी२७ ही रक्ततपासणी आणि माकडहाडाजवळच्या सांध्यांचा एमआरआय सांगतील. डोळा कधी लाल होऊन दुखला होता का, हेही त्यांना आवर्जून सांगा. औषधं चांगली आहेत, आणि रोजचा व्यायाम उपचाराचाच भाग आहे.

प्रश्न : वय ६८. थोडं चाललं की दोन्ही पोटऱ्या भरून येतात. खाली बसलं की बरं वाटतं.

उत्तर : पुढे वाकून, काठीवर किंवा ढकलगाडीवर रेलून चाललात तर जास्त अंतर जाता येतं का, ते बघा. येत असेल तर मणक्यातली नसांची वाट अरुंद झाली असावी. सायकल चालवणं तुम्हाला चालण्यापेक्षा सोपं जाईल. नुसतं उभं राहूनही पाय मोकळे होत असतील, तर पायांचा रक्तपुरवठा आधी तपासून घ्या.