आधी नावाची जागा, मग फोटो

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या चार गाण्यांच्या अल्बमच्या कव्हरसाठी तू पाठवलेले सगळे फोटो सावकाश पाहिले. 'सर, यातला कव्हरला कुठला घेऊ आणि नाव कुठे टाकू?' असं विचारलं आहेस. नाव कुठे टाकू हा प्रश्न फोटो काढून झाल्यावर पडला, तिथेच गाडी अडली. नावाची जागा आधी ठरव, मग फोटो काढ. वर्गात हे ऐकून तुम्ही कंटाळता, ठाऊक आहे मला. तरी सांगत राहणार.

सांगलीच्या आयर्विन पुलाचे संध्याकाळचे फोटो छान आलेत, पण कव्हरला चालणार नाहीत. १९२९ सालचा तो पूल लांबलचक आडवा. चौकोनात अख्खा बसवलास की मधे एक बारीक पट्टी उरते, वर आभाळ, खाली कृष्णा. मोबाइलवर गाण्यांच्या यादीत कव्हर नखाएवढं दिसतं, तेवढ्यात कमानी कुठल्या दिसायला? शिवाय तुमच्या चारही गाण्यांत पूल कुठेच नाही, तानपुरा मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजतोय. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, कारखाने तुझ्या कॉलेजपासून रिक्षाच्या अंतरावर आहेत, आणि तू सूर्यास्ताच्या मागे धावतेस! मिरजेत काढलेले ते दोन घाईघाईचे फोटो बघ, त्यातच तुझं कव्हर आहे. पुन्हा जा आणि नीट काढ.

जाण्याआधी जाड पुठ्ठ्यात दहा सेंटिमीटरचा चौकोन काप. एक डोळा मिटून त्यातून बघ, पुठ्ठा पुढेमागे कर. तानपुऱ्याचा भोपळा खाली उजवीकडे, दांडी तिरकी वर, आणि वरचा डावा कोपरा रिकामा, गडद, एकसारखा. तो कोपरा नावाचा. तिथे कॅलेंडर, वायर, खुंटीवरची पिशवी असेल तर कारागिरांना विचारून बाजूला करून घे. नंतर सॉफ्टवेअरमध्ये पुसता येईल म्हणून सोडू नकोस. पुसलेल्या जागेवर अक्षरं ठेवली की डाग उठून दिसतो.

यात आकड्यांचाही हिशेब आहे. तुझ्या मोबाइलचा फोटो बारा मेगापिक्सेलचा, म्हणजे साधारण ४००० बाय ३००० पिक्सेल. ऑनलाइन कव्हरला ३००० बाय ३००० लागतं. म्हणजे पूर्ण उंचीचा चौकोन काढलास तरच भागतं. नावासाठी जागा हवी म्हणून नंतर फोटो निम्मा कापलास की १५०० पिक्सेल उरले. सीडीच्या छपाईला ते जेमतेम पुरतात, ऑनलाइनला नाही. म्हणून चौकोन जागेवरच जुळव. कॅमेऱ्याचा चौरस मोड मात्र लावू नकोस, त्यात कडेचा भाग कायमचा जातो आणि दोन बोटं सरकवायचीही सोय राहत नाही.

प्रकाश दाराचा घे आणि ट्यूबलाइट बंद करायला सांग. दोन्ही मिसळले की भोपळ्याची एक बाजू हिरवट, दुसरी निळसर येते आणि दुरुस्त करता करता लाकडाचा रंग मरतो. पॉलिशवर दाराची पांढरी चमक पडेल, दारावर पांढरी चादर ताणली की ती मऊ होते. तरी उरली तर दोन पावलं बाजूला सरक. सावलीच्या बाजूला थर्माकोलचा तुकडा उभा कर, एक हात लांब, त्याहून जवळ नको.

पोर्ट्रेट मोड बंद. तो मागचं धूसर करताना तारा खातो, त्या मधेच तुटल्यासारख्या दिसतात. वाइड लेन्सही नको. जवळून काढलं की भोपळा फुगतो आणि खुंट्या काडीएवढ्या होतात. मागे हो, मुख्य लेन्सनेच काढ, झूमने ओढू नकोस. फोकस घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर धर. घोडीला हात लावायचा नाही, जवारी, म्हणजे घोडीचा माथा घासून साधलेला झंकार, बिघडली तर कारागिराची मेहनत वाया. त्यांचं नाव मागच्या बाजूला श्रेयात यायलाच हवं, परवानगीही आधीच घे. फोटो मैत्रिणीकडे पाठवताना व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर तो लहान होतो.

आता अक्षरं. इंग्रजी कव्हर बघून तू अक्षरांत अंतर वाढवलंस आणि शिरोरेषेचे तुकडे पडले. मराठीत अंतर वाढवायचं नसतं गं! मोठं हवं तर आकार वाढव. तुमच्या नावात दोन वेलांट्या आणि एक उकार आहे, म्हणजे वर-खाली जागा इंग्रजीपेक्षा जास्त लागणार. दोन ओळी केल्यास तर वरचा उकार खालच्या वेलांटीला टेकतो. 'मुक्ता' किंवा 'बालू' फॉन्ट घे, दोन्ही युनिकोड आहेत आणि फुकट मिळतात. छपाईवाल्याकडे देताना अक्षरं 'कर्व्ह' करून, म्हणजे त्यांचे नुसते आकार बनवून दे, नाहीतर त्याच्या मशिनवर जोडाक्षरं फुटतील.

सीडीचं पुढचं पान १२ बाय १२ सेंटिमीटर. चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापून जाणारी जादा कड, म्हणून फाइल १२.६ सेंटिमीटरची. कापताना मशीन थोडं सरकतंच, म्हणून नाव कडेपासून निदान ५ मिलिमीटर आत. मागचं कार्ड १५१ बाय ११८ मिलिमीटर, त्यात दोन्ही कडांना साडेसहा मिलिमीटरच्या घड्या. गाण्यांची यादी त्या घडीत जाऊ देऊ नकोस. गडद पार्श्वभूमीवरची पांढरी बारीक अक्षरं शाईने भरतात, आठ पॉइंटच्या खाली जाऊ नकोस. मोबाइल पूर्ण उजेडावर ठेवून रंग ठरवू नकोस, कागदावर फोटो काळपट उतरतो. सावल्या थोड्या उजळ कर आणि आधी एकच प्रत काढून दिवसाच्या उजेडात बघ.

फार ताणतो म्हणता तुम्ही मला. ताणतोच. चांगला फोटो आणि चांगलं नाव एकमेकांवर चढलेलं दिसलं की जीव तुटतो, कारण दहा मिनिटं आधी विचार केला असता तर दोन्ही वाचलं असतं. कारागिराचे तास आणि तुमची रियाजाची वर्षं त्या कव्हरमागे आहेत, तुला हे हलकं कसं घेऊ देऊ?

शनिवारी दुपारी बारापर्यंत ये. पुठ्ठा, मिरजेचे फक्त तीन फोटो आणि बटर पेपरवर आखलेला चौकोन घेऊन ये, त्यात नावाची जागा पेन्सिलने काढलेली असू दे.

तुझे सर
सांगली