दार आधी, भिंत नंतर

अगं, काल तुझ्या नाटकाच्या सेटसाठी अकरा फोटो आले. वाड्याची भिंत शेवाळी करू की गेरूची, तडे ब्रशने काढू की स्पंजने, आणि दिग्दर्शकाला मागे तुळशीवृंदावन पण हवंय, बजेट आठ हजार. आधी हसलो, मग वैतागलो, कारण अकराही फोटोंत दार कुठेच नाही. तुमच्या नाटकातला थोरला तीन वेळा घर सोडून जातो ना? जाणार कुठून तो?

दार आधी ठरव. कुठे, किती रुंद, कुठल्या बाजूला उघडणार. मग भिंत.

तुझ्याएवढा होतो तेव्हा राज्य नाट्य स्पर्धेसाठी एक सेट केला होता, विटांची भिंत रंगवायला तीन रात्री जागलो, एकेका विटेला सावली दिली, आणि दाराच्या चौकटीला मागून टेकू द्यायचं राहिलं. दुसऱ्या अंकात नायकाने दार आपटलं आणि अख्खी भिंत लाटेसारखी हलली, चौकटीवर ताणलेला मांजरपाटच तो. लोक हसले. बाप गेल्याचा प्रसंग होता गं. तो नट नंतर एक शब्द बोलला नाही, शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

म्हणून परत सांगतो, दार. बाजूच्या भिंतीत असेल तर विंगेकडे, म्हणजे स्टेजच्या बाजूच्या आडोशाकडे, उघडू दे, बिजागरी प्रेक्षकांपासून लांबच्या कडेला, म्हणजे आत येताना नटाला पाठ करावी लागत नाही. दारामागे काळं कापड किंवा एक फ्लॅट, म्हणजे कापड ताणलेली चौकट, हवीच, नाहीतर पहिल्या रांगेच्या टोकाच्या खुर्चीवरून विंगेत चहा पिणारा माणूस दिसतो. त्या खुर्चीत स्वतः जाऊन बस, फोटो मागवू नकोस. चौकटीला मागून तिरकी ब्रेस म्हणजे टेकू, तिच्या पायाशी वाळूच्या पिशव्या, कारण बऱ्याच थिएटरात स्टेजला खिळा मारू देत नाहीत. आणि रुंदी तीन फूट तरी ठेव, तुमच्या नाटकातल्या आईला नऊवारीत हातात ताट घेऊन यायचंय.

रंगाचं एवढंच, कापडावर आधी सरसाचं पाणी मार म्हणजे ते ताणून बसतं, मग डिस्टेंपर. आणि शेड ट्यूबलाइटखाली फायनल करू नकोस, स्टेजच्या पिवळसर अंबर लाइटमध्ये तुझा तो लाडका निळा काळपट होणार.

1933 ला नाट्यमन्वंतर या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक केलं तेव्हा रंगवलेले पडदे जाऊन स्टेजवर खोली आली, दारं-खिडक्या आल्या. पडदा की खरं दार, हा झगडा तेव्हाच मिटलाय, आणि तू परत पडदाच रंगवायला निघालीस!

लोक मला हट्टी म्हणतात, म्हणू देत. एका निर्मात्याने तर दौऱ्यातून काढलं मला, कारण दार टेम्पोत मावत नाही म्हणून ते सहा फुटांचं करायला मी नकार दिला. नट पावणेसहा फुटी, वर पगडी. माझं काय चुकलं? बरं, मावत नव्हतं हे खरंय. चौकट मधून तोडून पिन निघणाऱ्या बिजागऱ्या लावल्या असत्या तर दुमडून मावली असती, पण ते मला सुचलं दोन वर्षांनी. तू आत्ताच कर.

रविवारी तालमीच्या हॉलवर येतोय. टेप आणि खडू आण, फोटो नकोत. जमिनीवर दार आखू आणि त्या थोरल्याला तीनदा घर सोडायला लावू.