जुन्या २६ फुटी फायबर बोटीला बो थ्रस्टर: भोकाने हल कमकुवत होईल का?

तुमचा प्रश्न असा: शिडाची जुनी बोट नाशकात शेडमध्ये ट्रेलरवर आहे, पुढे कोकणात न्यायची आहे, धक्क्याला लावताना वाऱ्याने नाळ (पुढचं टोक) भरकटते; तर बो थ्रस्टरसाठी, म्हणजे नाळ डावी-उजवीकडे ढकलणाऱ्या विजेच्या पंख्यासाठी, भोक पाडल्यावर हल (बोटीचा सांगाडा) कमकुवत होईल का? जोड नीट झाला तर होत नाही. मी नाशिकच्या अंबडला फायबरचंच काम करतो.

आधी खोली बघा. २६ फुटी बोटीची नाळ उथळ असते. टनेलच्या, म्हणजे पंखा बसतो त्या आडव्या आरपार नळीच्या, वरच्या कडेपासून पाण्याच्या रेघेपर्यंत व्यासाच्या पाऊणपट तरी पाणी हवं, म्हणजे १२५ मिमीच्या टनेलला साधारण ९५ मिमी. कमी असेल तर पंखा हवा ओढतो आणि नुसता आवाज करतो. रंगावरची जुनी रेघ धरू नका. सामान, माणसं घेऊन गंगापूर धरणात एकदा उतरवा आणि खरी रेघ खुणावून घ्या. खोली बसलीच नाही, तर हट्ट सोडून बाहेरून लावायचा पॉड (पंखा-मोटरचा बंद डबा) बघा.

आता भोक. दोन्ही बाजूंना टनेलच्या जागेच्या मधोमध बारीक छिद्रं पाडून त्यांतून सरळ सळई आरपार घाला. सळईवर फिरणारी पट्टी बसवून टोकाला पेन्सिल बांधा. हल तिरका असल्याने पेन्सिल पुढेमागे सरकेल आणि गोलाऐवजी लांबट अंडाकृती उमटेल. तोच खरा आकार. रेघेच्या आत कापा, मग घासत रेघेपर्यंत या. कडेला फायबरच्या थरांमधला फोम किंवा बाल्सा (हलकं लाकूड) दिसला तर तो खरवडून इपॉक्सीने बंद करा, नाहीतर तिथूनच पाणी शिरतं.

जोडाला वेळ द्या. हल ८ मिमी असेल तर भोकाभोवती साधारण १०० मिमीपर्यंत, बारापट, उतार घासायचा. जेलकोट (वरचा चकचकीत थर), रंग, सगळं काढून पांढुरकं फायबर दिसेपर्यंत. टनेलही बाहेरून घासा. रेझीन इपॉक्सीच घ्या. जुन्या पॉलिस्टरवर नवं पॉलिस्टर तितकं घट्ट धरत नाही. एकदा जूनमध्ये घाई करून मी दमट हवेत थर चढवले. वर चिकट साय आली, ती न धुता पुढचा थर दिला आणि दुसऱ्या दिवशी तो पापडासारखा उचकटून हातात आला. सगळं पुन्हा घासावं लागलं. म्हणून नाशकात हे काम फेब्रुवारी ते एप्रिलमध्येच उरका. आतून-बाहेरून दोन्हीकडे थर द्या, बाहेरची कड गोल करा.

वायरिंगमध्ये काटकसर नको. दीड किलोवॅटची मोटरही १२ व्होल्टवर निदान १२५ अँपिअर ओढते. मागच्या बॅटरीपासून नाळेपर्यंत बारीक केबल टाकली तर ती तापते आणि मोटरला व्होल्टेज पोचत नाही. नाळेतच वेगळी बॅटरी ठेवा, तिच्या अगदी जवळ फ्यूज. मोटर सलग दोन-तीन मिनिटांच्या वर चालवायची नसते. झिंक अॅनोड (स्वतः झिजून बाकीचा धातू गंजण्यापासून वाचवणारा जस्ताचा तुकडा) विसरू नका, आणि पंख्याला रंग मारलात तरी झिंकला मारू नका.

पहिल्यांदा पाण्यात उतरवाल तेव्हा आत टॉर्च घेऊन बसा आणि जोडाभोवती कोरडा टिश्यू दाबून फिरवा. ओलावा डोळ्यांना दिसायच्या आधी टिश्यूवर कळतो.