डॉ. मेनार्ड आणि लिडियाची जमीन

प्रश्न : मुलीकडे सिअ‍ॅटलला गेलो असता येस्लर वे ओलांडताना रस्त्यांची दिशा एकाएकी बदललेली दिसली. त्यामागे डॉ. मेनार्ड असल्याचे कळले. हे गृहस्थ डॉक्टर, वकील आणि राजकारणीही कसे होते? – एक वाचक, पुणे

उत्तर : डेव्हिड मेनार्ड (१८०८–१८७३) हे सिअ‍ॅटलच्या संस्थापकांपैकी एक. १८५३ मध्ये गावाचा नकाशा आखताना त्यांनी आपल्या जमिनीवरील रस्ते होकायंत्राप्रमाणे ठेवले, तर शेजारच्या डेनी आणि बोरेन यांनी ते किनाऱ्याला समांतर नेले. तोच सांधा आपण पाहिलात. गावाला मूळ रहिवाशांचे सरदार सिअ‍ॅटल यांचे नाव मिळाले, तेही मुख्यतः मेनार्ड यांच्या पुढाकाराने.

नव्या वसाहतीत शिकलेली माणसे मोजकीच असल्यामुळे रुग्ण तपासणाराच न्यायदानाला बसे आणि प्रदेशाच्या राजकारणातही वावरे. मेनार्ड यांनी पुढे वकिली केली आणि १८६३ मध्ये पत्नी कॅथरीन यांच्यासह रुग्णालय काढले. त्यांच्याविषयी आदर वाटावा असे हे काम आहे. मात्र त्यांची पहिली पत्नी लिडिया हिची हकिगत वगळून ते सांगणे मला अन्यायाचे वाटते.

१८५० मध्ये लिडिया आणि दोन मुलांना ओहायोत ठेवून मेनार्ड पश्चिमेकडे निघाले. वाटेत पटकीची लागण झालेल्या एका तांड्यावर उपचार करताना त्यांची विधवा झालेल्या कॅथरीनशी ओळख झाली. त्या वेळच्या कायद्याने विवाहित वसाहतकाराला ६४० एकर जमीन मिळे आणि त्यातील निम्मी पत्नीची असे. मेनार्ड यांनी १८५२ मध्ये विवाहित म्हणूनच दावा लावला आणि त्याच डिसेंबरात ऑरेगॉन प्रदेशाच्या विधिमंडळाकडून ठराव करवून घटस्फोट मिळवला. हजारो मैल दूर असलेल्या लिडियाला त्याची नोटीसही गेली नव्हती. पुढच्याच महिन्यात त्यांनी कॅथरीनशी लग्न केले.

पत्नीच्या वाट्याचे ३२० एकर सरकारने दोघींनाही नाकारले. लिडियाच्या मुलांनी लढवलेला दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आणि १८८८ मध्ये ते हरले. विवाह हा केवळ करार नसून विधिमंडळाच्या नियंत्रणाखालील सामाजिक संस्था आहे, असे न्यायमूर्ती फील्ड यांनी लिहिले. हा निकाल अमेरिकेच्या विवाहविषयक खटल्यांत पुढेही उद्धृत होत राहिला. पतीचे वर्तन निर्लज्जपणाचे असले, तरी त्यामुळे विधिमंडळाच्या अधिकाराला बाध येत नाही, असेही न्यायालयाने त्यात नमूद केले आहे.